हिरड्यांचा दाह: कळ लावणारे जिवाणू आणि शेत खाणारे कुंपण

दात घासताना थुंकीत गुलाबी रेघ दिसली, तर बहुतेक जण ब्रश कडक असेल असे म्हणतात, तो बदलतात आणि विसरून जातात. रोज सकाळी हात धुताना बोटांतून रक्त येऊ लागले असते, तर त्याच माणसांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला असता. हिरडीच्या रक्ताला मात्र आपण ‘चालायचेच’ म्हणतो, आणि ही सवय मला फार महागाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हिरड्यांच्या रोगाचे तीव्र रूप जगभरात १०० कोटींहून अधिक लोकांना आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या दुर्लक्षित गुलाबी रेघेने झालेली असते.

अलीकडे या विषयाच्या बातम्या वारंवार येतात. लाळेच्या थेंबावरून हिरड्यांचा रोग ओळखणारी चाचणी आली, तोंडातला अमुक जिवाणू मेंदूत सापडला, तमुक प्रथिनाची पातळी वाढली की दात धोक्यात असतात, असे त्यांत लिहिलेले असते. जिवाणूंची लांबलचक लॅटिन नावे आणि प्रथिनांची अक्षरे-आकडे वाचून सामान्य वाचकाच्या हाती एवढेच लागते की तोंडात काहीतरी वाईट वास्तव्याला आहे. ‘तो जंतू कोणता’ हा प्रश्न अर्थातच महत्त्वाचा आहे, पण तो निम्माच प्रश्न आहे. त्या जंतूला आपले शरीर कसे उत्तर देते, हा उरलेला निम्मा प्रश्न असून दात राहणार की पडणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

### हिरडी, खाच आणि हाड

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचे जाळे असते. प्रत्येक तंतूचे एक टोक मुळात आणि दुसरे हाडात रुतलेले असते, त्यामुळे चावताना दात किंचित दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. हे तंतू मुख्यतः कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे असतात. या साऱ्यावर हिरडी गळपट्टीसारखी बिलगलेली असते, पण अगदी काठाला ती दाताला जोडलेली नसते. तिथे दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते, जी निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर खोल असते. पुढे जे काही सांगायचे आहे ते सगळे या खाचेत घडते.

दाह म्हणजे इजेला किंवा जंतूंना शरीराने दिलेले उत्तर. त्या जागच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती थोड्या सैल होतात आणि रक्तातला द्रव व पांढऱ्या पेशी बाहेर पाझरतात, म्हणून लाली आणि सूज दिसते. हा दाह हिरडीपुरताच राहिला तर त्याला जिंजिव्हायटिस म्हणतात. तो खाली उतरून तंतू तुटू लागले आणि हाड झिजू लागले, की त्याचे नाव पेरिओडॉन्टायटिस होते. बोलण्यात आपण त्यालाच पायोरिया म्हणत आलो आहोत. खाच मग खोल होत जाऊन ४, ५, कधी ८ मिलिमीटरपर्यंत पोहोचते आणि तिला पॉकेट म्हणतात. पहिली अवस्था पूर्ण बरी होते. दुसरी थांबवता येते, पण गेलेले हाड सहसा परत मिळत नाही. दुर्दैव असे की दुसरी अवस्था बहुधा दुखत नाही, त्यामुळे दात हलू लागेपर्यंत अनेकांना तिचा पत्ताच लागत नाही.

पहिल्या अवस्थेचे कारण १९६५ मध्ये हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साध्या प्रयोगाने दाखवून दिले. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण थांबवले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि दात पुन्हा स्वच्छ होऊ लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा थर हेच हिरडीच्या दाहाचे कारण आहे, याबद्दल त्यानंतर वाद उरला नाही. मात्र त्या थरातले नेमके कोण दोषी, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

### अपराधी एकच असेल, ही जुनी आशा

तोंडातले जिवाणू पहिल्यांदा पाहिले ते डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक यांनी. ते रोज मिठाने दात घासत, तरीही दातांच्या फटींत पिठाच्या खळीसारखे पांढरट काहीतरी राही. १६८३ मध्ये त्यांनी ते स्वतः बनवलेल्या भिंगाखाली धरले, तेव्हा त्यांना त्यात सुरेख हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले, आणि तसे त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले.

त्या पांढरट पदार्थाला आज आपण प्लाक म्हणतो. अन्नाचे कण दाताला चिकटून प्लाक होतो हा समज चुकीचा आहे. प्लाक ही जिवाणूंची वसाहत असते आणि तिच्या एका मिलिग्रॅममध्ये सुमारे १० कोटी जिवाणू मावतात. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ लेप दातावर चढतो. त्याला प्रथम स्ट्रेप्टोकॉकस जातीचे, तुलनेने निरुपद्रवी जिवाणू चिकटतात. त्यांच्यावर दुसरे येतात, दुसऱ्यांवर तिसरे, आणि सगळे मिळून स्वतःभोवती एक चिकट आवरण विणतात. फ्यूझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा लांबट जिवाणू यात पुलाचे काम करतो, कारण आधी आलेल्या आणि नंतर येणाऱ्या अशा दोन्हींना तो धरून ठेवू शकतो. थर जाड झाला की त्याच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही, आणि प्राणवायू ज्यांना सोसत नाही अशा जिवाणूंना घर मिळते. लाळेतल्या खनिजांनी हाच थर दगडासारखा टणक झाला, की त्याला आपण कीटण किंवा टार्टर म्हणतो.

मानवी तोंडांत मिळून ७०० हून अधिक प्रकारचे जिवाणू सापडले आहेत. एका जंतूमुळे एक रोग हे सूत्र क्षयासारख्या रोगांत इतके यशस्वी ठरले होते, की हिरड्यांच्या रोगासाठीही असाच एक अपराधी शोधण्याचा प्रयत्न दीर्घकाळ होत राहिला. १९९८ मध्ये सिग्मंड सोक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी १८५ जणांच्या तोंडातले प्लाकचे १३,००० हून अधिक नमुने तपासून कोणते जिवाणू कोणाच्या संगतीने राहतात ते पाहिले आणि त्या टोळ्यांना रंगांची नावे दिली. खोल, रक्त येणाऱ्या पॉकेटमध्ये जी तीन नावे सतत एकत्र आढळली, त्यांच्या वाट्याला लाल रंग आला: पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. यातला शेवटचा स्क्रूसारखा पिळदार असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली गिरक्या घेत पळताना दिसतो.

या यादीबाहेरचा, पण सोडून चालणार नाही असा आणखी एक आहे. ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकोमिटन्स हे त्याचे नाव बोजड असले तरी त्याचे हत्यार सरळ आहे: पांढऱ्या पेशींना मारणारे विष. त्याचा एक उपप्रकार हे विष फार मोठ्या प्रमाणावर बनवतो. मोरोक्कोतल्या किशोरवयीन मुलांच्या पाहणीत हा उपप्रकार असलेल्यांच्या दातांचा आधार (मुळाला धरणारे तंतू आणि हाड) सुटण्याचा धोका इतरांहून अनेक पटींनी अधिक आढळला. एका जंतूला बोट दाखवता येईल असे हे बहुधा सर्वांत जवळचे उदाहरण असेल, पण ते सर्वसाधारण रुग्णाला लागू पडत नाही. लाल टोळीतले जिवाणू निरोगी हिरड्यांच्या माणसांतही थोड्या संख्येने सापडतात, आणि ते सापडले म्हणून रोग झालाच असे होत नाही.

### थोडी संख्या, मोठी कळ

२०११ मध्ये जॉर्ज हाजिशेंगालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने चित्र पालटले. त्यांनी उंदरांच्या तोंडात पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस सोडला. तोंडातल्या एकूण जिवाणूंत त्याचा वाटा ०.०१ टक्क्याहूनही कमी राहिला, तरीही इतर सर्व जिवाणूंची संख्या वाढली, त्यांचे परस्परांतले प्रमाण बिघडले आणि जबड्याचे हाड झिजले. मग हाच जिवाणू अशा उंदरांना दिला, ज्यांच्या शरीरात जन्मापासून एकही जंतू नव्हता. तो तिथे स्थिरावला, पण हाडाला काहीही झाले नाही. म्हणजे एकट्याने हाड झिजवण्याची ताकद त्याच्यात नव्हती. इतरांना बिघडवण्याची मात्र पुरेपूर होती.

मराठीत अशा पात्राला कळीचा नारद म्हणतात. हा जिवाणू कळ कशी लावतो, ते पाहण्यासारखे आहे. तो जिंजिपेन नावाची विकरे बाहेर सोडतो, आणि विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. जिंजिपेन ही प्रथिने कापणारी कात्री आहे. रक्तात पूरक प्रथिनांचा एक संच असतो. जंतू दिसताच या प्रथिनांचे तुकडे होतात आणि ते तुकडे पांढऱ्या पेशींना हाक घालतात. जिंजिपेन यातले एक प्रथिन स्वतःच कापते आणि खोटी हाक निर्माण करते. पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह वाढतो. पण त्याच वेळी हा जिवाणू त्या पेशींच्या आतल्या संदेशांत अशी गडबड करतो की त्यांची जंतू मारण्याची क्रिया मंदावते. परिणामी भांडण सुरू राहते आणि कोणी मरत मात्र नाही.

त्याला हे करून काय मिळते? अन्न. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस साखरेवर जगत नाही; त्याला प्रथिनांचे तुकडे आणि लोह लागते. हिरडीला दाह झाला की खाचेत पाझरणारा द्रव वाढतो, रक्त येते, तंतूंचे तुकडे होतात, आणि त्याच्यासाठी हे भरलेले ताट असते. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या माध्यमावर त्याची वसाहत वाढवली तर काही दिवसांत ती काळी पडते, कारण रक्तातले लोहयुक्त रंगद्रव्य तो आपल्या पृष्ठभागावर साठवतो. म्हणूनच ‘जिवाणूंमुळे दाह होतो’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. दाहामुळे हे जिवाणू पोसले जातात, हेही तितकेच खरे आहे, आणि ही दोन्ही चाके एकमेकांना फिरवत राहतात.

### कुंपण शेत कसे खाते

खाचेच्या तोंडाशी शरीराचा पहारा रात्रंदिवस असतो, अगदी निरोगी हिरडीतही. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून निघून हिरडीतून वाट काढत तोंडात उतरतात, आणि त्यांची संख्या मिनिटाला सुमारे ३०,००० असल्याचा अंदाज आहे. हे कुंपण आहे. ते नसते तर काय होते, ते पुढे येईलच.

जिवाणूंचा थर हटत नाही तेव्हा पहारा वाढत जातो. हिरडीतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने सोडतात. त्यांतली इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही नावे चाचण्यांच्या बातम्यांत वारंवार दिसतात. ‘आणखी कुमक पाठवा’ असा या निरोपांचा सर्वसाधारण अर्थ असतो. आलेल्या न्यूट्रोफिल पेशी आपल्या पोटातली विकरे बाहेर ओततात. त्यांतले एमएमपी-८ हे विकर कोलॅजन कापण्यात तरबेज असते. दाटीवाटीच्या ऊतीतून वाट काढण्यासाठी आणि जखमेची जुनी मोडतोड साफ करण्यासाठी शरीराला ते हवेच असते. अडचण अशी, की दाताला हाडाशी बांधणारे तंतूही कोलॅजनचेच असतात, आणि कापताना विकर आपले-परके पाहत नाही.

हाडाचे नुकसान थोड्या वेगळ्या मार्गाने होते. आपले हाड सतत मोडले आणि बांधले जात असते. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. मोडणाऱ्या पेशींना कामावर बोलावणाऱ्या प्रथिनाचे नाव रँकल आहे. शरीर त्याच्यावर लगाम ठेवण्यासाठी एक तोतया सोडते, ज्याचे नाव ऑस्टिओप्रोटेजेरिन. हा तोतया रँकलला वाटेतच पकडून ठेवतो आणि निरोप पोहोचू देत नाही. दीर्घकाळच्या दाहात लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) मोठ्या प्रमाणावर रँकल बनवू लागतात, तोतये कमी पडतात आणि मोडण्याचा वेग बांधण्याच्या पुढे जातो. एका अर्थी हाड शत्रूपासून मागे सरकत असते, जंतू आणि हाड यांच्यात अंतर राहावे म्हणून. पण दात त्या हाडातच उभा असतो. शेत राखायला घातलेले कुंपण शेत खाते, ते असे.

### ‘मग प्रतिकारशक्ती कमी असणेच बरे नाही का?’

हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर एका अतिशय दुर्मीळ जन्मजात विकाराने दिले आहे. या विकारात न्यूट्रोफिल पेशी रक्तात भरपूर असतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरण्यासाठी लागणारे प्रथिन त्यांच्याकडे नसते, म्हणून त्या हिरडीत उतरूच शकत नाहीत. तर्काने पाहिले तर कुंपणच नसल्यामुळे हाड शाबूत राहायला हवे. प्रत्यक्षात या मुलांचे दात फार लहान वयात पडू लागतात.

पहारेकरी नाहीत म्हणून जंतू माजले, असेच बराच काळ मानले जात होते. २०१४ मध्ये निकी मुत्सोपुलोस आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या हिरड्या तपासल्या, तेव्हा तिथे इंटरल्यूकिन-१७ नावाचा सायटोकाइन भरमसाट आढळला. न्यूट्रोफिल पेशी काम संपवून मरतात आणि इतर पेशी त्यांना गिळतात, तेव्हा ‘आता पुरे’ असा निरोप मिळतो. पेशी आल्याच नाहीत तर तो निरोपही मिळत नाही, आणि शरीर कुमक मागतच राहते. २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला याच साखळीला रोखणारे, एरवी सोरायसिससाठी वापरले जाणारे औषध दिले गेले आणि त्याच्या हिरड्यांचा दाह ओसरला. औषध जंतूंवरचे नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एकाच रुग्णावरून सर्वांसाठी उपचार ठरत नाहीत, आणि तसे कोणी सुचवलेलेही नाही. पण पहारा कमी झाला तरी नुकसान होते आणि तो हाताबाहेर गेला तरी होते, हे यातून लख्ख दिसते.

### खाचेतल्या थेंबात काय मोजतात

खाचेतून पाझरणारा द्रव टिपण्यासाठी कागदाची बारीक पट्टी हिरडीच्या काठाशी काही सेकंद धरतात. तिच्यावर आलेला ओलावा एका थेंबाहूनही कमी असतो, पण त्यात वर सांगितलेले जवळजवळ सगळेच असते: सायटोकाइन, विकरे, रँकल आणि त्याचा तोतया, जिवाणूंविरुद्धचे प्रतिपिंड, हाडाचे आणि तंतूंचे तुकडे. या पदार्थांना निदर्शक म्हणतात, कारण आत काय चालले आहे ते त्यांच्या प्रमाणावरून कळते. लाळेतही ते मिळतात. फरक इतकाच की कागदाची पट्टी एका खाचेची खबर देते आणि लाळ साऱ्या तोंडाची सरासरी सांगते.

या सर्वांत व्यवहारात सर्वाधिक पुढे आलेला निदर्शक म्हणजे एमएमपी-८ चे सक्रिय रूप. विकर आधी म्यानात असते. ते म्यानाबाहेर आले की तंतू कापू लागते, म्हणून एकूण साठ्यापेक्षा सक्रिय भाग मोजणे अधिक अर्थपूर्ण ठरते. गर्भारपणाच्या चाचणीसारख्या पट्टीवर काही मिनिटांत निकाल देणाऱ्या चाचण्या यासाठी उपलब्ध आहेत, आणि त्यांत मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ही सीमा सहसा धरली जाते. हे विकर रोगात किती मध्यवर्ती आहे, याचा पुरावा औषधाच्या बाजूनेही मिळाला आहे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २० मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेत दिले तर ते जिवाणू मारत नाही, फक्त अशा विकरांना आवरते. तरीही त्या मात्रेने उपचारांना थोडी मदत होते असे दिसल्यावर अमेरिकेत १९९८ मध्ये तिला मान्यता मिळाली. युरोपातल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना मात्र ती सरसकट देऊ नये असे सांगतात, आणि मला ते योग्य वाटते, कारण फायदा छोटा आहे.

मग चाचणी करून घ्यावी का? निदर्शक वाढलेला दिसला तर दाह आहे एवढे कळते. दाह कोठे आहे, हाड किती गेले आहे, ते लाळेची चाचणी सांगत नाही. साध्या जिंजिव्हायटिसमध्येही काही निदर्शक वाढतात. जंतूंच्या चाचणीचे तर आणखी कठीण आहे, कारण लाल टोळी सापडणे म्हणजे रोग नव्हे. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या रोगाची जी नवी वर्गवारी ठरवली, ती पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. तिच्यात रोग किती पुढे गेला आहे याचे चार टप्पे आहेत आणि तो किती वेगाने जाईल याच्या तीन श्रेणी आहेत. निदर्शकांसाठी तिच्यात पुढेमागे जागा करता येईल असे म्हटले आहे. पण आज निर्णय होतो तो मोजपट्टी, क्ष-किरण चित्र आणि रक्त यांवरच.

ती मोजपट्टी म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई. डॉक्टर ती खाचेत अलगद, साधारण २५ ग्रॅम वजनाइतक्या दाबाने उतरवतात, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. निरोगी हिरडी हा स्पर्श सहन करते. दाह असलेल्या हिरडीत काही सेकंदांनी खाचेच्या काठाशी रक्ताचा ठिपका उमटतो, आणि तोही निदर्शकच आहे, सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त. प्रत्येक भेटीत जिथे रक्त आलेच नाही, ती जागा स्थिर राहण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के असते. उलट बाजूने तो इतका खात्रीचा नाही: सलग चार भेटींत रक्त आलेल्या जागांपैकीही सुमारे ३० टक्के जागांचाच आधार पुढे सुटल्याचे दिसले आहे. त्या ३० टक्के जागा आधीच ओळखता याव्यात, हाच नव्या निदर्शकांमागचा खरा ध्यास आहे.

### एकाचे दात राहतात, दुसऱ्याचे पडतात, ते का?

ल्यो यांच्याच गटाने श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० पुरुष मजुरांना १९७० ते १९८५ अशी १५ वर्षे पाहिले. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतोपचार मिळत नव्हते. प्लाक, कीटण आणि सुजलेल्या हिरड्या जवळजवळ सर्वांच्याच होत्या. तरीही ८ टक्के मजुरांचा रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा जिंजिव्हायटिसच्या पुढे गेलाच नाही. पस्तिशीत पहिल्या गटाच्या दातांचा आधार सरासरी ९ मिलिमीटर सुटला होता, तर शेवटच्या गटाचा १ मिलिमीटरहूनही कमी. तोंडे सारखीच अस्वच्छ होती. निराळी होती ती शरीरांची उत्तरे.

या निराळेपणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि जुळ्यांवरच्या अभ्यासात तो सुमारे निम्मा निघाला आहे. जे बदलता येते त्यात दोन गोष्टी ठळक आहेत, आणि वर सांगितलेल्या वर्गवारीने त्या दोन्हींना आकडे दिले आहेत. दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्याचा, किंवा मधुमेहात तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी ७ टक्के किंवा त्याहून अधिक येणाऱ्याचा रोग सर्वांत वेगवान श्रेणीत धरला जातो. धूम्रपानाचा धोका दुहेरी आहे. तो हाड झिजवतो आणि वर हिरडीतले रक्तही कमी करतो. तंबाखू ओढणाऱ्याची हिरडी फिकट, घट्ट आणि वरवर निरोगी दिसते, रक्ताचा इशारा मिळत नाही, आणि आतून आधार निसटत असतो.

### तोंडाबाहेरच्या बातम्यांचे काय?

मधुमेहाशी असलेले नाते दोन्ही बाजूंनी पक्के आहे. साखर वाढली की हिरड्यांचा दाह चिघळतो. आणि दाहातले सायटोकाइन रक्तात मिसळले की इन्सुलिनचे काम अवघड होते. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केल्यास एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ अंकांनी उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित तपासणीत दिसले आहे. हा आकडा लहान वाटला तरी साखरेच्या उपचारात तो नगण्य धरला जात नाही. असे असूनही मधुमेहाच्या तपासणीत हिरड्यांबद्दल क्वचितच विचारले जाते, याची खंत वाटते.

हृदयविकाराच्या बाबतीत हे दोन रोग एकाच माणसात अधिक वेळा आढळतात हे नक्की, पण हिरड्या बऱ्या केल्याने हृदयविकाराचे झटके टळतात असे अद्याप सिद्ध झालेले नाही. स्मृतिभ्रंशाबाबत अधिकच सावध राहायला हवे. २०१९ मध्ये अल्झायमर झालेल्या मेंदूंत जिंजिपेन आढळल्याचा शोधनिबंध गाजला. जिंजिपेन रोखणारे औषध रुग्णांवर तपासले गेले, आणि २०२१ मध्ये ती चाचणी आपल्या मुख्य कसोटीवर उतरली नाही. मथळा मोठा होता. अपयशाची बातमी मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचली.

### ‘प्रतिजैविके घेऊन मोकळे का होऊ नये?’

याचे उत्तर लेव्हेनहुक यांना तीनशे वर्षांपूर्वीच दिसले होते. त्यांनी व्हिनेगरने दात धुऊन पाहिले, तेव्हा थराच्या बाहेरचे जीव मेले आणि आतले तसेच राहिले. चिकट आवरणात राहणाऱ्या जिवाणूंपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी तळाशी मंद गतीने जगणारे जिवाणू त्याला फारसे बधत नाहीत. शिवाय प्लाक राहिला तर मेलेल्यांची जागा काही दिवसांत भरते. वेगाने पसरणाऱ्या रोगात, विशेषतः तरुण रुग्णांना, डॉक्टर सफाईच्या जोडीला प्रतिजैविके देतात. सफाईऐवजी ती कधीच देत नाहीत.

सफाई म्हणजे आधी दातावरचे कीटण काढणे आणि मग हिरडीखाली, मुळावरचा थर खरवडणे. इथे हमखास ऐकू येणारा आक्षेप असा की ‘स्केलिंग केले आणि दात हलायला लागले’. कीटणाचा थर अनेकदा शेजारच्या दातांना एकमेकांशी सांधून धरत असतो, आणि हाड आधीच गेलेले असते. थर निघाला की दात जितका मोकळा झालेला होता तितका प्रथमच जाणवतो. सूज उतरल्यामुळे दातांमध्ये फटी दिसू लागतात आणि थंड पाण्याने काही दिवस झिणझिण्याही येतात. यातले काहीही कीटण काढल्यामुळे निर्माण झालेले नसते. कीटणाने आणि सुजेने ते झाकून ठेवले होते.

सुमारे तीन महिन्यांनी डॉक्टर तीच सळई त्याच सहा-सहा ठिकाणी पुन्हा उतरवतात आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहितात. जिथे ६ मिलिमीटर आणि रक्त होते तिथे ४ मिलिमीटर आणि कोरडी सळई आली, तर हिरडी पुन्हा दाताला बिलगली आहे असे समजतात. जिथे अजून ६ मिलिमीटर आहे आणि ठिपका उमटतो आहे, ती खाच पुन्हा उघडून साफ करावी लागते.